एका दिवसात किती राइड होतात?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की रत्नागिरीतल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. पोरांना खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचंय, पण एका दिवसात सगळं बघून होईल का? विचारणाऱ्याच्या डोक्यात पैशांचा हिशेब चालू असतो. पाच-सहा जणांची तिकिटं, पेट्रोल, एखाद्या रात्रीचा मुक्काम. एवढं करून अर्धंच बघायचं असेल तर जायचं तरी कशाला?

उत्तर सरळ आहे. सुट्टीच्या दिवशी सगळं बघून होत नाही. काय सोडायचं हे मात्र घरी बसून ठरवता येतं. त्यासाठी लागणारं गणित चौथीतलं आहे.

१. पाळणा आणि गोष्ट

जत्रेत आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो, लहान मुलांची झुकझुक गाडी असते. प्रत्येकाचं तिकीट वेगळं. खिशातले पैसे संपले की मजा संपली. थीम पार्कमध्ये दोन गोष्टी बदलतात. गेटवर एकदा पैसे भरले की आतल्या बहुतेक राइडना वेगळं तिकीट नसतं. आणि प्रत्येक राइडभोवती एक गोष्ट रचलेली असते. ती गाडीत बसल्यावर सुरू होत नाही, रांगेतच सुरू होते. भिंतींवरची चित्रं, अंधार-उजेड, संगीत, कर्मचाऱ्यांचे कपडे, सगळं त्या गोष्टीतलं.

गोष्टीची ही कल्पना वॉल्ट डिस्ने यांनी रुजवली. त्यांचं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे सुरू झालं. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीत अप्पू घर आलं आणि १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड. कोकणातल्या एका पिढीला मनोरंजन पार्क म्हटलं की तेच आठवतं. सुट्टीत मुंबईच्या काकांकडे जायचं, टीव्हीवरच्या जाहिरातीचं गाणं म्हणून म्हणून काकांना भंडावून सोडायचं आणि शेवटी मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे जायचं. तिथे पाळणे भरपूर होते, गोष्ट बेताची. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे, त्याच्या शेजारी १९९८ साली सुरू झालेलं वॉटर किंगडम मात्र अजून गर्दी खेचतं.

इमॅजिका सुरू झालं एप्रिल २०१३ मध्ये, रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर. ते उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी. फिल्म प्रोसेसिंगच्या ॲडलॅब्ज या लॅबमधून पुढे आलेला हा माणूस. 'अर्धसत्य' (१९८३) या चित्रपटाचे ते एक निर्माते. मराठी वाचकाला तो चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून बेतलेला म्हणून ठाऊक असतो. सिनेमावाल्याने काढलेलं पार्क असल्यामुळे तिथल्या निम्म्या राइडमध्ये यंत्रापेक्षा पडदा, आवाज आणि कथा यांचा वाटा मोठा आहे. घरात आजी-आजोबा असतील तर ही गोष्ट फार उपयोगी पडते, त्याकडे पुढे येऊ. २०२२ पासून पार्कची सूत्रं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहेत.

एकच तिकीट, हवं तितकं खेळा, या व्यवस्थेचा एक परिणाम आपण विचारात घेत नाही. जत्रेत माणसाला पैसे अडवतात. इथे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाला सगळंच हवं असतं, आणि माणसाला अडवते ती रांग. म्हणून इथे हिशेब रुपयांत न मांडता मिनिटांत मांडायचा.

२. रांग लांब दिसते, पण असते किती?

जयगडहून तवसाळला जाणारी फेरीबोट तुम्ही पाहिली असेल. गुहागरकडे निघालेला माणूस जयगडच्या धक्क्यावर आला की पुढे उभ्या असलेल्या गाड्या मोजतो. एका फेरीत साधारण किती गाड्या मावतात आणि बोट किती वेळाने परत येते, हे त्याला माहीत असतं. त्यावरून तो ठरवतो की बोटीची वाट बघायची की चहा घेऊन यायचा. खाडी किती रुंद आहे याच्याशी त्याच्या थांबण्याचा फारसा संबंध नसतो.

राइडचं तंतोतंत असंच आहे. राइड किती उंच, किती भयंकर, किती मिनिटांची, हे सगळे पुढचे प्रश्न. पहिला प्रश्न असा, की ही राइड तासाला किती माणसं पोटात घेते?

उदाहरण घेऊ. एका गाडीत २४ जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. तासात ३० गाड्या, म्हणजे ७२० माणसं. तुमच्यापुढे ३६० जण असतील तर अर्धा तास लागेल. आता लहान मुलांचा एक गोल फिरणारा पाळणा बघा. जागा १२, पण प्रत्येक पोराला बसवायचं, पट्टा लावायचा, एकाला रडू येतं म्हणून उतरवायचं, असं करत एक फेरी चार मिनिटांची होते. तासाला १५ फेऱ्या, म्हणजे १८० माणसं. इथे पुढे फक्त ९० जण असले तरी तोच अर्धा तास लागतो.

वळणावळणांची ३६० माणसांची रांग बघून आपण 'बाप रे' म्हणतो आणि ९० जणांच्या आटोपशीर रांगेत आनंदाने उभे राहतो. वेळ दोन्हीकडे सारखाच जातो. रांगेची लांबी डोळ्यांना फसवते, आणि लहान मुलांच्या पाळण्यांपाशी सगळ्यात जास्त फसवते.

पडद्याच्या खेळांचं याच्या उलट. सभागृहात तीनशे जागा असतील तर बाहेर अडीचशे जण दिसले तरी दार उघडल्यावर सगळे एकदम आत जातात. तुम्ही रांगेत शेवटचे असलात तरी पुढच्याच खेळाला बसता.

पुढची माणसं भागिले तासाला आत जाणारी माणसं, एवढंच हे गणित. १९६१ साली जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने रांगेतली संख्या, वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं नातं गणिताने पक्कं सिद्ध केलं. बँकेचा काउंटर असो की दवाखाना, आजही तेच सूत्र वापरतात. तुम्हाला सिद्धता नको, घड्याळ हवं. रांगेला लागण्यापूर्वी दोन गाड्या सुटताना बघा, मधला वेळ मोजा, जागा मोजा. हे काम घरातल्या पाचवी-सहावीतल्या मुलाकडे सोपवा. त्याला ते आवडतं, आणि "अजून किती वेळ?" हा प्रश्न तो तुम्हाला विचारण्याऐवजी तुम्ही त्याला विचारता.

यावरून दिवसाचा पहिला नियम निघतो. ज्यात कमी माणसं मावतात आणि जे सगळ्यांना हवं असतं, ते सकाळी गेट उघडल्या उघडल्या. सभागृहातले खेळ दुपारी, कारण तिथे गर्दीने फारसा फरक पडत नाही आणि आत गारवाही असतो. बहुतेक लोक उलट करतात. गेटमधून शिरल्यावर पहिलं जे दिसेल त्यात बसतात, फोटो काढतात, आणि साडेअकराला मोठ्या रोलर कोस्टरपाशी पोचतात, तेव्हा निम्मं पार्क तिथे आलेलं असतं.

३. गर्दी दुप्पट, मजा निम्मी

आता मूळ प्रश्न. किती राइड होतील?

समजा, एका पार्कात दहा मोठ्या राइड आहेत आणि प्रत्येकीत तासाला सरासरी ६०० माणसं बसू शकतात. म्हणजे पार्कात दर तासाला ६,००० जागा. त्या दिवशी आत ४,००० माणसं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तासाला दीड जागा आली. जेवण, पाणी, बाथरूम वजा करून सात तास धरले तर साधारण दहा राइड. सगळं बघून झालं!

त्याच पार्कात ८,००० माणसं असतील तर? तासाला पाऊण जागा. सात तासांत पाच. तिकीट तेवढंच, चालणं तेवढंच, ऊन तेवढंच, आणि वाट्याला निम्म्या राइड. हे आकडे नुसते समजण्यासाठी घेतले आहेत, पण नातं खरं आहे. म्हणून कोणत्या राइडमध्ये बसायचं यापेक्षा कोणत्या दिवशी जायचं हा निर्णय मोठा.

इथेच जादा पैसे देऊन रांग टाळायच्या पासाचा विषय येतो. डिस्नेने १९९९ साली फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता. मशीनमधून चिठ्ठी काढायची, त्यावर दिलेल्या वेळी यायचं, तोवर दुसरीकडे फिरायचं. आता जगभर अशा पासाला बहुधा पैसे पडतात. पासवाला लवकर जातो तो कुणाच्या तरी वेळावर. तासाला ७२० जागांपैकी निम्म्या पासवाल्यांना दिल्या तर साध्या रांगेतल्या ३६० माणसांना अर्ध्या तासाऐवजी तास लागतो. माझं मत असं : साध्या मंगळवारी-बुधवारी हा पास घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ऐन दिवाळीत जाणं भागच असेल तर सगळ्यांसाठी घेण्याआधी मोजा, की घरातले किती जण मोठ्या राइडमध्ये बसणार आहेत. बहुतेक घरांत तो आकडा दोन-तीनच्या वर जात नाही.

४. उंचीची पट्टी

राइडच्या तोंडाशी एक पट्टी उभी असते आणि तिच्यापाशी रोज कुणीतरी रडतं. पाच सेंटिमीटरने काय बिघडतं, असं बापाला वाटतं आणि तो कर्मचाऱ्याशी वाद घालतो.

बिघडतं ते असं. रोलर कोस्टरच्या खुर्चीतला खांद्यावरून किंवा मांडीवरून येणारा दांडा ठरावीक बांध्याच्या माणसासाठी बनवलेला असतो. शरीर त्यापेक्षा लहान असेल तर दांडा पूर्ण खाली येऊनही मध्ये फट राहते. गाडी उलटी होते किंवा टेकाडावरून झपकन खाली जाते तेव्हा शरीर त्या फटीतून वर सरकू शकतं. यात वयाचा संबंध नाही, धिटाईचा तर मुळीच नाही. मोठ्या रोलर कोस्टरना बहुतेक ठिकाणी १२० ते १४० सेंटिमीटरच्या मधली कुठली तरी मर्यादा असते, आणि ती प्रत्येक राइडला वेगळी. काही राइडना वरचीही मर्यादा असते : फार उंच किंवा फार जाड माणसालाही दांडा नीट बसत नाही.

निघण्याआधी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने सगळ्या मुलांची उंची घ्या. अनेक पार्कांत मुलांचं तिकीटही वयावर न ठरता उंचीवर ठरतं, त्यामुळे हा आकडा दोनदा कामाला येतो. मग पार्कच्या वेबसाइटवर राइडनिहाय मर्यादा बघून घरीच सांगून टाका : "बंड्या, तुला यात बसू देणार नाहीत, पण यात आणि यात बसशील." रत्नागिरीत दोन मिनिटं रडणं परवडतं. एवढा प्रवास करून, तासभर रांगेत उभं राहून, पट्टीपाशी रडणं कुणालाच परवडत नाही.

लहान मूल असेल तर आई-बाबांपैकी एकाने राइडमध्ये बसायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर थांबायचं, आणि मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागू नये अशी सोय काही ठिकाणी करून देतात. रांगेला लागण्यापूर्वी कर्मचाऱ्याला विचारायचं. बहुतेक लोक विचारत नाहीत.

५. पोटात गोळा येतो म्हणजे काय

इमॅजिकातलं 'नायट्रो' हे भारतातल्या सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरपैकी एक. बनवलं स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या कंपनीने. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर. पाच वेळा उलटं व्हायचं. खुर्चीखाली तळ नाही, पाय लोंबकळत असतात.

एवढा वेग येतो कुठून? गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला वर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. ४० मीटरवरून काहीही खाली आलं की शाळेतल्या सूत्राप्रमाणे त्याचा वेग सेकंदाला २८ मीटर होतो, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर. रूळ कितीही वळवा, मिळालेल्या उंचीपेक्षा जास्त काही मिळत नाही. म्हणून पहिला चढ नेहमी सगळ्यात उंच असतो आणि पुढचे लहान लहान होत जातात. पहिला उतार सहन झाला तर पुढचं सहन होईल, असं घाबरलेल्या माणसाला खुशाल सांगावं.

पोटात गोळा येण्याचं कारण वेग नाही. मुंबईच्या विमानात आपण ताशी आठशेने जातो आणि झोपतो. शरीराला जाणवतो तो वेगातला बदल. गाडी उताराला लागते तेव्हा खुर्ची खालून निसटल्यासारखी होते, वजन क्षणभर नाहीसं होतं, आणि पोटातले अवयव नेहमीसारखे खाली दाबलेले राहत नाहीत. तोच तो गोळा. पुढे खोलगटात उलट होतं : शरीर जड होतं, मान खाली दाबली जाते.

उलट्या गिरकीचा आकार नीट बघा. ती पूर्ण गोल नसते, वर अरुंद आणि खाली पसरट असते. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाची रेल्वे होती, तिची गिरकी अगदी वर्तुळाकार होती. सपाट रुळावरून एकदम वर्तुळात शिरताना बसणाऱ्याच्या मानेला असा झटका बसे की लोक मान धरून उतरत. पुढे अनेक दशकं उलट्या गिरकीच्या नादाला कुणी फारसं लागलं नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने थेंबाच्या आकाराची गिरकी वापरली. त्यात भार हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. आजची जवळपास प्रत्येक गिरकी तशीच असते.

मळमळ हा मात्र वेगळा प्रकार आहे. ती बऱ्याचदा मोठ्या कोस्टरमध्ये येत नाही, खुर्ची हलवणाऱ्या पडद्याच्या राइडमध्ये येते. डोळे सांगतात आपण उडतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण फक्त हललोय. दोघांचं जमेना की पोट बंड करतं. आंबा घाटात एसटीत ज्याला पिशवी लागते, त्याला अशा राइडमध्येही ती लागण्याची शक्यता धरा. त्याने पडद्याच्या कडेकडे, बाहेरच्या स्थिर भागाकडे बघावं किंवा डोळे मिटावेत. भरल्या पोटी तर अजिबात जाऊ नये.

हृदयविकार, वाढलेलं बीपी, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, गरोदरपण, अलीकडचं ऑपरेशन, यांपैकी काहीही असेल तर जोराच्या राइड टाळायच्या. "आमच्या बाबांना काही होत नाही" हा युक्तिवाद इथे नको.

६. चुकवू नये असं काय?

'टॉप टेन'च्या यादीचा मला फारसा उपयोग दिसत नाही. ती यादी एकटा, पंचवीस वर्षांचा, १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस करतो. तुमच्याकडे पाच वर्षांची मुलगी आहे आणि गुडघे दुखणारी आजी आहे. म्हणून मी असं सुचवेन : घरातल्या प्रत्येकाने एकच राइड निवडायची, आणि ती व्हायलाच हवी. सहा माणसं, सहा राइड. बाकी मिळालं ते वरकड. गर्दीच्या दिवशीही थोडं लवकर पोचलं की एवढं जमतं.

इमॅजिकात माझी निवड विचाराल तर सांगतो. कोणती राइड दुरुस्तीसाठी बंद आहे हे त्या दिवशी गेटवर विचारून घ्यायचं.

आजीसाठी 'आय फॉर इंडिया'. प्रचंड पडद्यासमोर बसायचं, पाय अधांतरी, आणि भारतावरून उडत जायचं. धक्के नाहीत, किंकाळ्या नाहीत. ज्यांनी कधी विमानात पाऊल ठेवलं नाही अशा बायका तिथून बाहेर पडतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पडदा असल्यामुळे मळमळीचा नियम इथेही लागू आहे.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर'. होडीत बसून डायनासोरांच्या जंगलातून जायचं आणि शेवटी पाण्यात आपटायचं. भिजायला होतं, तेव्हा जादा कपडे हवेत. राजासॉरस हा काल्पनिक प्राणी नाही. त्याची हाडं गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहियोली इथे सापडली आणि २००३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, 'राजासॉरस नर्मदेन्सिस'. तो पृथ्वीवर वावरत होता त्याच सुमाराच्या लाव्हातून दख्खनचा काळा कातळ तयार झाला, आणि तो कातळ झिजून-कुजून आपल्या रत्नागिरीच्या सड्यावरचा जांभा. मुलांना रांगेत सांगायला एवढी गोष्ट पुरते.

अगदी लहानांसाठी 'टबी टेक्स ऑफ', म्हणजे उडणारे हत्ती, आणि कॅरोसेल. यांची क्षमता कमी, म्हणून सकाळी. 'अलीबाबा और चालीस चोर'मध्ये बंदुकीने निशाणे टिपत जायचं असतं. त्यात बाप आणि मुलगा यांची चुरस लागते आणि बाप बहुधा हरतो. 'मिस्टर इंडिया' ही १९८७ च्या चित्रपटावरची हलत्या गाडीची राइड आई-बाबांच्या आठवणींसाठी. 'सलीमगढ'चं भुताचं प्रकरण शहरातल्या मुलांना घाबरवत असेल. ज्या मुलांनी पावसाळ्यात लाइट गेल्यावर आजीकडून गावच्या चकव्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, ती तिथून हसत बाहेर येतात.

आणि नायट्रो? उंची बसते, तब्येत ठीक आहे आणि मनातून थोडी तरी इच्छा आहे, त्याने बसावं. इच्छा नसलेल्याला मित्रांनी ओढून नेऊ नये. मधला मार्ग हवा असेल तर आधी 'गोल्ड रश एक्सप्रेस' करावी. ती झेपली तर अंधारातली 'डीप स्पेस'. अंधारात पुढचं वळण दिसत नाही, शरीर तयारी करू शकत नाही, म्हणून तोच वेग जास्त वाटतो.

७. कधी जायचं, कुठून जायचं

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी लिहिलेले सल्ले आपल्या कामाचे नसतात. मे महिन्यात तिकडच्यांना सुट्टी असते. आपल्याकडे ज्याची आंब्याची कलमं आहेत त्याला तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. आंबा संपतो तेव्हा मृग लागलेला असतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळा सुरू व्हायच्या आधी जाता येतं, गर्दीही उतरू लागते, पण खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तिथला पाऊस आपल्या पावसाचा भाऊच. वीज कडाडली किंवा वारा वाढला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. पडद्याच्या आणि छताखालच्या राइड तेवढ्या चालू राहतात. ज्या घरात नायट्रोत बसणारं कुणीच नाही, त्यांनी पावसाळ्यातला एखादा साधा वार खुशाल निवडावा.

माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत चांगले दिवस भाऊबीज उलटून आठवडा गेल्यावरचे, दिवाळीच्या सुट्टीच्या शेपटातले, आणि त्यातही मंगळवार ते गुरुवार. डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते, पण शाळांच्या सहली निघतात. दहा बसगाड्या एकदम उतरल्या की बुधवारचा रविवार होतो.

रस्ता. मुंबईकर एक्सप्रेसवेवरून खोपोलीला उतरतात. आपण उलट्या बाजूने येतो, आणि ते बरंच सोयीचं आहे. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, खेड, कशेडीचा बोगदा, महाड, माणगाव, कोलाड करत वाकण फाट्याला यायचं. तिथे महामार्ग सोडून उजवीकडे पालीचा रस्ता. पालीहून खोपोलीच्या दिशेने गेलं की खोपोलीच्या अलीकडेच पार्क. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण चौपदरीकरणाचं रामायण अजून संपलेलं नाही, तेव्हा तासांचा अंदाज सढळ हाताने धरा. मोबाइलचा नकाशा लावताना एक काळजी घ्या. चवदार तळ्याचं महाड महामार्गावर आहे आणि वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ. घाईत एकाऐवजी दुसरं टाकलं जातं.

पहाटे निघून त्याच दिवशी पार्क करायचा बेत करू नका. सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे असतात हे वर पाहिलं. पहाटे चारला निघूनही ते हातून जातात. आदल्या दिवशी दुपारी निघा, पालीला मुक्काम करा. सकाळी बल्लाळेश्वराचं दर्शन लवकर उरकलं तर आजीचा अर्धा दिवस तिथेच सार्थकी लागतो. रेल्वेने जायचं तर पनवेलला उतरून पुढे गाडी करावी लागते. सहा माणसांना ती गाडी परतीसाठीही ठरवून ठेवावी लागते, त्यामुळे स्वस्त पडतं असं नाही.

इमॅजिकाचं पाण्याचं पार्क वेगळं आहे, त्याला वेगळं तिकीट लागतं. दोन्ही एकाच दिवशी करू नये. ओले कपडे, दमलेली पोरं आणि अर्धवट दोन पार्कं.

८. गेटच्या आत

बाहेरचं खाणं साधारणपणे आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाच्या खाण्याचा अपवाद सोडून. त्यामुळे सकाळी पोटभर नाश्ता बाहेरच. जेवायला साडेबाराला जाऊ नका. साडेअकराला किंवा अडीचला जा, कारण उपाहारगृहापुढची रांगही तेच गणित पाळते. मधल्या वेळात, सगळे जेवत असताना, मोठ्या राइडच्या रांगा जरा उतरतात. पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट. नायट्रोत लोंबकळत्या पायातली सैल चप्पल राहत नाही. चष्म्याला दोरी. आत शिरल्यावर लगेच एक जागा सगळ्यांना दाखवून ठेवा, चुकामूक झाली तर तिथे यायचं. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

आजी-आजोबांनी सगळ्यांच्या मागे फरफटत जाऊ नये. त्यांना दोन खेळ, एक सावलीतली जागा आणि चहा द्या. उरलेल्यांनी तासाभराने तिथे परत यावं. दमलेला म्हातारा माणूस तक्रार करत नाही, नुसता गप्प होतो, आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटचा तास मोठ्या राइडसाठी राखून ठेवा. मुंबई-पुण्याच्या बसगाड्या तोवर निघू लागलेल्या असतात, आणि सकाळी तासभर लांब असलेली रांग पंधरा मिनिटांवर येते. रांगेत शेवटचं किती वाजता सोडतात ते दुपारीच विचारून ठेवा. ज्याला नायट्रोत दुसऱ्यांदा बसायचं आहे त्याने तेव्हा बसावं. परतीची गाडी जो चालवणार आहे, त्याने मात्र तो तास बाकावर आडवं होऊन झोपावं, आणि निघाल्यावर माणगावच्या आत एकदा तरी चहाला थांबावं.